साडेतीन फुटांच्या समुद्राची खुरपणी

सत्त्याहत्तर सालची गोष्ट. सांगलीच्या अलीकडं आठ-नऊ मैलांवर, कृष्णाकाठच्या एका गावात समुद्र होता. हसू नका. साडेतीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट खोल, चहूबाजूंनी काच, आणि लालासाहेबांच्या बंगल्यातल्या हॉलमध्ये लोखंडी घोडीवर ठेवलेला.

लालासाहेब म्हणजे चाळीस एकर उसाचे धनी. शेजारगावातल्या एकानं जीप घेतली, दुसऱ्यानं हॉलमध्ये गव्याचं मुंडकं टांगलं, मग आपण मागं का राहायचं, या विचारानं त्यांना अन्न गोड लागेना. मुंबईला शेतीचं प्रदर्शन बघायला गेले, जाता जाता मत्स्यालयात डोकावले, आणि ठरलंच. माधवनगरच्या वेल्डरकडून चौकट करून घेतली, तिच्यात काचा बसवल्या. रत्नागिरीला गूळ घेऊन गेलेला ट्रक परत येताना दुधाच्या कॅनांतून समुद्राचं पाणी घेऊन आला. एका कॅनात काळ्या पट्ट्यांचे सात पिवळे मासे, एका कॅनात समुद्रातले दगड. हवेचा पंप मुंबईहून. तो दिवसरात्र गुरगुरायचा, पाण्यात बुडबुडे सोडायचा, आणि लालासाहेब समोरच्या खुर्चीत बसून आल्यागेल्याला सांगायचे, "खारं पानी हाय. बोट बुडवून चाखून बगा." माणसं बिचारी चाखायची आणि तोंड वाकडं करून "लय भारी" म्हणायची.

पण गावात लालासाहेबांचं खरं नाव होतं ते तणासाठी. त्यांच्या उसात औषधाला तण सापडायचं नाही. "तणमुक्त शिवार" या विषयावर ते भाषण करायचे, आणि त्या एका भाषणावर त्यांनी अठरा गावं मारली होती. "तण हा शत्रू आहे! शत्रू दिसला की कापा!" असं म्हणून टेबलावर मूठ आपटायचे. लोक टाळ्या वाजवायचे. आता त्या उसातलं तण कोण काढायचं? राहीबाई आणि तिच्या टोळीतल्या अकरा बाया. लालासाहेबांनी उभ्या जन्मात खुरपं हातात धरलं नव्हतं. पण भाषणाला खुरपं कशाला लागतंय?

आणि यंदा त्या भाषणाला फळ यायची वेळ आली होती. गावच्या पाणी सोसायटीचे चेअरमन नाथाजीआबा. नदीवर मोटारी बसवून माळावर पाणी चढवणारी सोसायटी, आणि आबा तिचे पंधरा वर्षं चेअरमन. आता वय झालं म्हणून खुर्ची सोडणार होते. आबा आणि लालासाहेब धरून संचालक अकरा, पण आबा ज्याच्याकडं बोट करतील तो चेअरमन, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. बोट करण्याजोगे दोघंच होते. एक लालासाहेब आणि दुसरा भाऊसो. भाऊसो पलटणीत मोटार मेकॅनिक होता. पेन्शनीत आल्यावर सोसायटीच्या संचालकात निवडून आला. त्याचे हात कायम ग्रीसनं काळे, आणि बोलणं असं की ऐकणाऱ्याला पाना फेकून मारल्यासारखं वाटावं. ह्या काळ्या हातांच्या माणसापुढं आपण हरलो तर गावात तोंड कसं दाखवायचं? लालासाहेबांना त्या खुर्चीखेरीज दुसरं काही दिसत नव्हतं. पाया पडत त्यांनी आबांना जेवणाचं आवतण दिलं. आबा म्हणाले, "येतो की. दसरा झाल्यावर, सगळ्या संचालकांना घिऊनच येतो. तुझा समुद्र बी बगायचाय."

दसऱ्याला दोन महिने होते. आणि त्याच आठवड्यात समुद्राला फुलं आली.

दगडाच्या कपारीत पाच फुलं. विटकरी देठ, वर काचेच्या काड्यांसारख्या पाकळ्या, पाण्यात हळूहळू डोलणाऱ्या. लालासाहेबांना काय आनंद झाला! कुणी विचारलं की म्हणायचे, "मीच लावली. रत्नागिरीचं बी हाय." चारुशीलाबाई, म्हणजे त्यांच्या मंडळी, माहेरच्या वाईच्या, जिभेला धार असलेल्या. त्या म्हणाल्या, "अहो, कधी लावलीत? तुम्ही तर पाण्यात हात घालायलासुद्धा माणूस बोलावता." पण त्यांच्याकडं लक्ष देईल तर तो लालासाहेब कसला.

पाचाची नऊ झाली, नवाची अकरा. मग एक दिवस एक मासा दिसेना. शोधतात तर फुलाच्या पाकळ्यांत अर्धा गिळलेला. चार दिवसांनी दुसरा मासा अंगावर पांढरे चट्टे उठून उलटा तरंगला. मग तिसरा. लालासाहेबांची पाचावर धारण बसली. त्यांनी सांगलीच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या मधुकररावांना मोटार पाठवून आणवलं.

मधुकररावांनी चष्मा पुसला, काचेला नाक लावलं आणि एकदम खूश झाले. "हे फूल नव्हे, लालासाहेब. हा प्राणी आहे. समुद्रफूल म्हणतात याला. या ज्या पाकळ्या दिसतात ना, ते त्याचे हात. त्यांत विषारी काटे असतात, भक्ष्य बधिर करतात. मध्यभागी तोंड. आणि गंमत अशी की याला एकच तोंड असतं. त्यानंच खातो आणि घाणही त्यातूनच बाहेर टाकतो."

"म्हणजे संचालक मंडळात चालेल," चारुशीलाबाई चहाचा ट्रे ठेवता ठेवता म्हणाल्या.

"ह्याला घालवायचं कसं त्येवढं सांगा," लालासाहेब म्हणाले.

मधुकरराव अवघडले. "खरं सांगू का, जिवंत मी आजच बघतोय. माझ्याकडं सगळी बरणीतली. थांबा, पुस्तकात बघून कळवतो. तोवर हात लावू नका."

तोवर हात लावू नका! तणमुक्त शिवारवाल्याला! मधुकररावांना घेऊन मोटार फाटकाबाहेर गेली न गेली तोच लालासाहेबांनी मिरजेला माणूस धाडला. तिथं दवाखान्यांची हत्यारं विकणाऱ्या दुकानातून लांब चिमटा आणि लांब दांड्याची कात्री आणवली. गावातले चार जण बघायला बोलावले, कारण लालासाहेब एकट्यानं पराक्रम करत नसत. बाह्या सारल्या, घोडीपुढं उभे राहिले आणि भाषणातलं वाक्य म्हटलं, "शत्रू दिसला की कापा!" कचाकच कात्री चालवली. कापायला गेलं की ते समुद्रफूल आकसून कपारीत शिरायचं, मग लालासाहेब चवताळून त्याचे तुकडे तुकडे करायचे. पाण्यात चिंधड्या उडाल्या. चौघांनी वाहवा केली. चहा झाला. लालासाहेबांनी मिशीवरून हात फिरवला आणि दुपारी शांत झोपले.

पंधरा दिवसांत समुद्रफुलं सत्तर झाली. मोजली कुणी? चारुशीलाबाईंनी, बोटानं काचेवर खुणा करत, मोठ्यानं, नवऱ्याला ऐकू जाईल अशी. दगडावर, वाळूवर, काचेवर, पंपाच्या नळीवरसुद्धा. मासे चार उरले होते, ते वरच्या कोपऱ्यात एकमेकांना चिकटून राहायचे.

त्या दिवशी राहीबाई परसात शेंगा फोडायला आली होती. पन्नाशीची बाई, मूळची कोयनेकडची. गाव धरणाखाली गेलं तेव्हा सरकारनं इकडं माळावर आणून टाकलेली. पाणी प्यायला म्हणून आत आली आणि काचेपुढं उभी राहिली. बघता बघता तिनं तोंडाला पदर लावला.

"हसाया काय झालं?" लालासाहेब खेकसले.

"न्हाई मालक, इचारते. ह्ये तुमी कापलंसा व्हय?"

"मग काय पुजा करू?"

"आवं, हराळी कुळवानं तोडली तर काय हुतंय? जितकी कांडी तितकी रोपं. उसाची लागण आपुन कशी करतो? तुकडं करूनच की. तुमी ह्येची खुरपणी न्हाई केली मालक. लागण केलीसा."

लालासाहेबांना घाम फुटला. चाळीस एकर उसाच्या कांड्या दर साली त्यांच्या रानात पुरल्या जात होत्या, एका कांडीतून कोंभ फुटतात हे त्यांच्या भाषणाच्या तिसऱ्या पानावर लिहिलेलं होतं, आणि हे एका बाईनं पाणी प्यायला आत येऊन सांगावं! राग आला, पण रागावून दसरा पुढं ढकलता येत नव्हता. सोळा दिवस उरले होते. आबा येणार, संचालक येणार, भाऊसो येणार, आणि तणमुक्त शिवारवाल्याच्या हॉलमध्ये साडेतीन फुटांत सत्तर तणं! त्यांनी आवाज खाली आणला. "मग राहीबाई, करायचं काय?"

राहीबाईनं थोडा वेळ बघितलं. मग कनवटीची चंची काढली, पान काढलं, चुन्याची डबी उघडली आणि थांबली. "आमच्या कोयनंकडं पावसाळ्यात जळवा लागत्यात पायाला. वढून काढली तर तोंड आत ऱ्हातंय. चुन्याचं बोट लावलं की आपुन हून गळून पडतीया. ह्येचं बी तोंड दिसतंय मला. तोंडात चुना घालून बगू या."

दुसऱ्या दिवशी तिनं पपईच्या पानाचा पोकळ देठ आणला. पाणी घालून दाट चुना कालवला, देठात भरला. आधी पंपाचं बटण बंद करायला लावलं, कारण पाणी हललं की चुना उधळतो हे तिला एका फटक्यात कळलं. मग चिमटीत सुकटीचा कण धरून पाण्यात सोडला. समुद्रफुलानं हात पसरले, तोंड उघडलं, आणि राहीबाईनं वरून अलगद एक थेंब चुना सोडला. एकच थेंब. ते गपकन मिटलं. संध्याकाळपर्यंत विरघळून गेलं.

"रोज धा. जास्ती न्हाई," राहीबाईनं बजावलं. "जास्ती चुना झाला तर मासं मरत्यात. मालक, ध्येनात ठिवा."

लालासाहेबांनी मान हलवली. ध्यानात काय ठेवलं ते देव जाणे, कारण ते पाच मिनिटं मागं हात बांधून उभे राहिले आणि टपाल आलं म्हणून निघून गेले. रोजचं तेच. आठ दिवस राहीबाई वाकून वाकून थेंब सोडत होती, आणि आठ दिवस लालासाहेब वरच्या खोलीत भाषणाला चौथं पान जोडत होते: "मी संशोधन केले. मला आढळले की प्रत्येक तणाला तोंड असते." नवव्या दिवशी समुद्र नितळ झाला. चार मासे पुन्हा खाली येऊन दगडांतून फिरायला लागले. राहीबाई काचेपुढं फतकल मारून बराच वेळ त्यांच्याकडं बघत बसली. तिला खरंच बरं वाटलं होतं.

दसरा झाला, आबा आले. धोतर, काळा कोट, हातात काठी, डोळे मांजराचे. मागं नऊ संचालक, सगळ्यांत शेवटी भाऊसो. मटणाचा वास अख्ख्या बंगल्यात दरवळत होता. मागं चुलीवर राहीबाई आणि दोघी जणी भाकऱ्या थापत होत्या.

लालासाहेबांनी सगळ्यांना समुद्रापुढं खुर्च्यांवर बसवलं आणि उभं राहून चौथं पान म्हणून दाखवलं. तुकडे कसे फुटतात, चुना कसा द्यायचा, हे सगळं आपण दोन महिने अभ्यास करून शोधून काढल्याचं सांगितलं. सत्तर तणं आपल्या ह्या हातांनी मारली, म्हणून हात दाखवले. हात अगदी स्वच्छ होते. संचालक माना डोलवत होते. भाऊसो तेवढा पंपाच्या वायरीकडं बघत होता.

आबा उठले. काचेजवळ गेले, खिशातली बॅटरी काढली आणि मागच्या दगडाच्या आड उजेड पाडला. "लालासायब, ह्यो एक ऱ्हायलाय बग."

खरंच होतं. बोटाएवढं एक समुद्रफूल, मागं सावलीत दडून बसलेलं.

"मारून दाव की," आबा म्हणाले. "आमी बी शिकू."

आता राहीबाईला हाक मारावी तर कशी? आत्ताच तर हात दाखवून झाले होते. लालासाहेब म्हणाले, "आत्ता बगा," आणि चुन्याचं गाडगं मागवलं. पपईचा देठ कशाला असतो तेच त्यांना नीट माहीत नव्हतं. सुकट कशाला, तेही नाही. पंप गुरगुरतच होता. दहा माणसं बघत होती, तेव्हा थेंबभर चुना त्यांना कमीपणाचा वाटला. त्यांनी मूठभर घेतला, बाही कोपरापर्यंत सारली आणि हात पाण्यात घालून मूठ उघडली.

समुद्राचं ताक झालं. बुडबुड्यांनी चुना असा घुसळला की मागचा दगड दिसेना, पुढचा दिसेना, लालासाहेबांचा हातही दिसेना. "आता मरतंय बगा," ते म्हणाले. मेला तो मासा. पिवळं पोट वर करून तो पांढऱ्या पाण्यावर आला. लगोलग दुसरा आला.

"आरं, बंद कर की ती मोटार!" भाऊसो खुर्ची लाथाडून उठला. त्यानं वायर हिसकली, जिन्याखाली समुद्राच्या पाण्याचा जादा कॅन होता तो ओढत आणला, डोक्याचा रुमाल काढून त्याची झोळी केली आणि दोन्ही हात कोपरापर्यंत पाण्यात खुपसून आंधळ्यासारखा चाचपत राहिला. दोन मासे जिवंत निघाले. ते कॅनात पडले आणि धापा टाकायला लागले.

गडबड ऐकून राहीबाई पिठाच्या हातानंच बाहेर आली. समोरचं ताक बघून तिनं कपाळावर हात मारून घेतला. "आगं आई गं! आवं मालक, थेंब सांगितला हुता मी तुमास्नी! आठ दीस कंबार मोडून ह्येनला वाचवलं, आन् तुमी मूठ घातलीसा?" तिच्या डोळ्यांत खरोखर पाणी आलं होतं.

मग एका संचालकाला खोकला आला, तो खोकला नव्हता. दुसऱ्यानं टॉवेल तोंडात कोंबला. लालासाहेबांचे कान लाल झाले. जमीन दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं, असं त्यांना वाटलं. पण हॉलला शहाबादी फरशी होती, ती कसली दुभंगते.

जेवणं झाली. सगळे संचालक भाऊसोच्या पंक्तीला सरकून बसले होते. त्याला रस्सा वाढत होते, त्याच्या ओल्या बाह्यांकडं कौतुकानं बघत होते. भाऊसो बापडा खाली मान घालून जेवत होता. खुर्ची गेली, हे लालासाहेबांना ताटावरच कळून चुकलं.

पानं लावून झाल्यावर आबा खाकरले. "मंडळी, म्या इचार केलाय. सोसायटीचा पुढचा चेअरमन आपले लालासायब."

भाऊसोच्या हातातलं पान तसंच राहिलं. बाकीच्यांनी एकमेकांकडं बघितलं, मग आबांकडं बघितलं, आणि टाळ्या वाजवल्या. आबांच्या गाडीतून हार आला. म्हणजे हार आधीच आणून ठेवला होता, नाव तेवढं कोरं होतं. तो लालासाहेबांच्या गळ्यात पडला. ते रडायचे तेवढे राहिले. सगळ्यांदेखत फजिती झाली, तरी आपलं मोठेपण कुणीतरी ओळखलंच, असं त्यांना वाटलं.

आबांना गाडीपर्यंत पोचवायला ते अंगणात गेले. पायांवर वाकले. "आबा, माझ्यात तुमी असं काय बगितलंसा?"

आबांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि अगदी मायेनं सांगितलं, "भाऊसो लय गुणाचा माणूस हाय. त्येला मोटारीतलं सगळं कळतंय. आवंदा नदीवर नवी मोटार बसवली न्हवं आपुन? त्यो चेअरमन झाला तर पयल्या दिवशी ती उगडून बगंल. आन् आत काय नवं हाय, काय जुनं हाय, ह्ये गावभर हुईल. तू उगडून बगणार न्हाईस. तुला त्यातलं कळत न्हाई. आन् कळत न्हाई ह्ये तू मेलास तरी कुणाला कळू देणार न्हाईस. पंधरा वरसं असा माणूस धुंडतोय बाबा. आज गावला."

लालासाहेबांना सगळं समजलं. न समजण्यासारखं त्यात काही ठेवलंच नव्हतं. तोंडात मारल्यासारखे ते उभे राहिले, हार टोचायला लागला, हात गळ्याकडं गेला. ओढून फेकावा, असं एक क्षण मनात आलंही. पण अंगणाच्या कडेला गावातली माणसं गोळा होऊन बघत होती, आणि कुणीतरी ओरडलं, "चेअरमनसायब!"

लालासाहेबांनी हार नीट केला, घसा साफ केला आणि हळूच विचारलं, "आबा, सही मराठीत करायची का इंग्रजीत?"